काजळात तांबे नसते

ती केस विसरून जा, असे मला तीन वरिष्ठांनी सांगितले होते. एकाने चहा पाजून, एकाने दम देऊन आणि एकाने थेट माझी बदली करून. मी विसरलो नाही. आता नांदेडला घराच्या ओट्यावर बसून पेपर वाचतो, सकाळची गोळी घेतली की नाही हे कधीकधी ध्यानात राहत नाही, पण त्या बाँडवरची एक वेलांटी मला अजून जशीच्या तशी आठवते. नावे मात्र कुणाची देणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, आणि ओळखले तर मला त्याचे भय नाही.

तेव्हा मी लातूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. भूकंपाला पंधरा-सोळा वर्षे झाली होती आणि शहर ओळखू येत नव्हते. राज्यभरातून पोरे-पोरी बारावीच्या आणि मेडिकलच्या क्लासला यायची. जून लागला की आमच्याकडे सायकलचोरी, मोबाइलचोरी आणि 'मुलगी फोन उचलेना' म्हणून रडकुंडीला आलेले आईबाप, यांचीच रांग. ज्या माळावर कुत्रे फिरकत नव्हते तिथे होस्टेले उठली आणि गुंठ्या-गुंठ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांची गचांडी धरू लागले.

एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभी होती. पन्नाशीची, बोटांना हळद, पदर खोचलेला. अंमलदार तिला सांगत होता, "मावशी, हे दिवाणी हाय. कोर्टात जावा." हे वाक्य आमच्या खात्यात भरतीआधीच पाठ करून घेतात की काय कोण जाणे. काम टाळायला त्याच्यासारखे औषध नाही.

"मी हलनार न्हाई," ती म्हणाली आणि बाकावर बसली. दुपारी मी बंदोबस्तावरून परतलो तरी तिथेच होती. मी तिला आत बोलावले.

तिचे गाव भूकंपाच्या पट्ट्यातले. नवरा मिस्त्री. लातुरात लोकांची घरे बांधता बांधता त्याने शहराबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. दुसऱ्यांना सिमेंटची घरे बांधून देणारा तो माणूस त्या पहाटे स्वतःच्या दगडमातीच्या घराखाली सासूसकट गेला. मावशी आणि तिची तान्ही लेक वाचल्या. पुढे तिने त्या प्लॉटवर दोन खोल्या पत्र्याच्या घातल्या आणि क्लासच्या पोरांसाठी मेस सुरू केली. शहर वाढत वाढत तिच्या दारापर्यंत आले. आणि मग एका मोठ्या क्लासचे मालक, ज्यांना सगळे शहर नुसते 'सर' म्हणे, एक बाँड घेऊन उभे राहिले. भूकंपाच्या दोन महिने आधी तिच्या नवऱ्याने हा प्लॉट आपल्याला विकला, असा त्यावर मजकूर होता. खाली नवऱ्याची सही. साक्षीदार दोन, एक भूकंपात गेलेला, एक जिवंत. इतकी वर्षे बाईला हुसकले नाही ते केवळ भूकंपग्रस्त विधवा म्हणून दया केली, असे सर सांगत होते. आता त्यांना तिथे होस्टेल बांधायचे होते. मावशीला महिनाभरात जागा सोडायची नोटीस आली होती.

मी बाँड पाहिला. स्टॅम्प पेपर त्या काळातला, अस्सल. विक्रेत्याच्या रजिस्टरला नोंद बरोबर. मजकूर काळ्या दाट शाईत, सही निळ्या बॉलपेनची.

"सही तुमच्या मालकाची आहे का?" मी विचारले.

"हाव. त्यांचीच हाय."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या सहीशी ताडून पाहायला दुसरी सही जगात नव्हती. घर जमीनदोस्त झाले तेव्हा कागद, फोटो, सगळे मातीत गेले होते. 'ही सही खोटी' एवढे तीन शब्द बाई बोलली असती तर समोरच्याला ती खरी ठरवता आली नसती. तिच्या वकिलाने तिला तसे सुचवले होते. आणि मी, वर्दीतला माणूस, मीही सुचवले. सरळ नाही, आडून. "नीट आठवून बघा मावशी, इतकी वर्षे झाली."

तिने माझ्याकडे असे पाहिले की मला टेबलावरचे पेपरवेट उगाच हलवावे लागले.

"साहेब, 'स' असा वाकडा त्येच काढायचे. त्येंचं ह्ये एवढंच राहिलंय जगात. ह्येलाच मी खोटं म्हनू? प्लॉट गेला तरी चालंल."

"मग सही इथे आली कशी?"

"एजंटाकडं कोऱ्या बाँडावर सह्या करून ठेवल्या व्हत्या. मीटरचं काम, नोंदीचं काम. सारखं सारखं लातूरला यायाला नगं म्हनून. तवा समदेच करायचे."

ते खरे होते. आमच्याकडे विश्वास दाखवायची ती रीतच होती. एजंट म्हणायचा, सही करून ठेवा, काम अडायला नको. आणि शहाणीसुरती माणसे कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून मोकळी व्हायची.

मी फसवणूक आणि बनावट दस्ताचा गुन्हा नोंदवला. संध्याकाळपर्यंत वरून फोन आला. सरांच्या क्लासात अर्ध्या शहराची मुले शिकत होती, त्यात अधिकाऱ्यांचीही होती. सर स्वतः ठाण्यात आले, ते हसतमुखाने. माझ्या टेबलावर मुलांना वाटतात तशी डायरी ठेवली. ते रसायनशास्त्र शिकवायचे. "साहेब, बाईला कुणीतरी भरीला घातलंय. तुम्ही सुज्ञ आहात," म्हणाले. सुज्ञ म्हणवून घ्यायची मला भारी भीती वाटते. मी डायरी परत केली.

बाँडवर लिहिणाऱ्याचे नाव होते. तहसीलच्या आवारात बसणारे एक अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारे. आता ऐंशीच्या घरात. मी त्यांच्या घरी गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बाँड डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्यो माझा हात न्हाई. कुनीतरी नक्कल केलीय, अच्छी केलीय."

"कशावरून?"

"साहेब, आपला हात वळखायला चष्मा लागत न्हाई."

कोर्टाला एवढ्याने भागत नाही. मी विचारले, तुम्ही कुठल्या पेनाने लिहायचे? म्हाताऱ्याचे डोळे चमकले. पेन? त्यांनी कोनाड्यातून एक काचेची बाटली काढली. काजळ आणि बाभळीचा डिंक. वडिलांकडून शिकलेली शाई. निजामाच्या जमान्यातले त्यांच्या अब्बांचे दस्त अजून काळेकुळकुळीत आहेत, पाण्यात पडले तरी अक्षर हलत नाही, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. मी जबाब लिहून घेतला. बाटलीतली थोडी शाई आणि त्यांनी खरोखर लिहिलेला एक जुना दस्त पंचनामा करून ताब्यात घेतला. निघताना ते म्हणाले, "त्या एजंटाकडं पत्र्याची पेटी असायची. लोकांचे सही केलेले कोरे बाँड त्यात. ती कुठं गेली, त्ये बघा."

त्यांच्या खऱ्या जबाबाने माझी केस आणखी खड्ड्यात घातली. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सहीची बॉलपेनची शाई विरघळली, मजकुराची शाई त्यांच्याकडच्या कुठल्याही द्रावणात विरघळली नाही, म्हणून परीक्षण करता येत नाही. अभिप्राय नाही. आणि न विरघळणारी शाई म्हणजे काय? काजळ! सरांच्या वकिलाला आयते कोलीत मिळाले. चाचांची शाई विरघळत नाही, बाँडावरची शाईही विरघळत नाही, म्हणजे बाँड चाचांनीच लिहिला, म्हातारपणी विसरले बिचारे.

वरिष्ठांनी मला बोलावले. "क समरी पाठव, केस बंद कर. गैरसमजातून दिलेली फिर्याद, दिवाणी स्वरूप. संपलं."

"साहेब, तपास अपुरा आहे."

"तुला काय शाईचा वास येतो का?"

मी सॅल्यूट करून बाहेर आलो आणि केस डायरीत लिहिले, 'तपास चालू'. त्या दोन शब्दांखाली मी सही केली ती जरा जास्तच दाबून.

दोन दिवसांनी मी मावशीच्या मेसमध्ये गेलो. सांगायला गेलो होतो की अवघड आहे. जेवणाची वेळ होती. पोरे ताटे घेऊन बसली होती. तिची लेक, आता कॉलेजात जाणारी, भिंतीवर चिकटवलेल्या यादीवर कुणाचा डबा गेला त्याच्या खुणा करत होती. त्या यादीवर वरणाचे शिंतोडे उडाले होते, पाणी ओघळले होते. सगळा कागद पिवळा आणि फुगलेला. पण अक्षर? काळेकुळकुळीत. जरासुद्धा फुटलेले नव्हते. मी बोट ओले करून घासले. तरी हलले नाही.

"कशाने लिहितेस गं?"

तिने पेन पुढे केला. जेलपेन. त्यावर सोनेरी अक्षरांत सरांच्या क्लासचे नाव. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पोराला फुकट मिळायचा, आणि पोरे मेसच्या टेबलावर विसरून जायची. मावशीकडे बरणीभर जमले होते. मी त्यातले चार पंचांसमक्ष जप्त केले. पंच म्हणून जेवणाऱ्या दोन पालकांना उठवले, ते खरकट्या हातानेच सही करायला आले, त्यांना आधी हात धुवायला लावले.

आता एक काजळ विरघळत नाही आणि एक जेलपेन विरघळत नाही. दोन्ही काळे. फरक दाखवणार कोण? सरकारी प्रयोगशाळेतल्या एका भल्या माणसाने कानात सांगितले, हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत मूळ उदगीरकडच्या एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे लेझरचे यंत्र आहे, विचारून बघा. मी रजा टाकली, रात्रीची गाडी पकडली आणि गेलो.

मॅडम चाळिशीतल्या, फटकळ. त्यांनी मला विद्यार्थ्यासारखे स्टुलावर बसवले.

"साहेब, मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा वजनकाटा समजा. पण काट्यावर चढवायचं तर पदार्थाची आधी वाफ तरी व्हायला पाहिजे, नाहीतर तो द्रावणात तरी उतरला पाहिजे. वर त्याला विजेचा भार चढला पाहिजे. तुमची शाई दोन्ही करत नाही. लई हट्टी."

"मग?"

"मग तिला जागेवरूनच उठवायचं. कागदावर लेझरचा ठिपका मारायचा, सुईच्या टोकाहून बारीक. रंग स्वतःच तो प्रकाश पितो आणि उसळतो. उसळतानाच त्याला भार चढतो. पुढं निर्वात नळी आहे. हलके रेणू आधी पोचतात, जड मागून. पोचायच्या वेळेवरून वजन कळतं."

"सगळे हट्टी पदार्थ असे उठतात?"

"न्हाई. काही प्रकाश पीतच नाहीत. त्यांना सोबती द्यावा लागतो, दुसरा पदार्थ त्यांच्यात कालवायचा. मार तो सोसतो, आणि ह्याला अलगद घेऊन उठतो. तुमच्या शाईला सोबती लागणार नाही असं वाटतं."

न्यायालयाची परवानगी मिळवायला महिना गेला. यंत्राच्या पट्टीवर चिकटवायला बाँडाचा कण तरी कापावा लागणार होता आणि सरांच्या वकिलाचा प्रत्येक अक्षराला आक्षेप. नाव नको, तारीख नको, चतुःसीमा नको. शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांनी 'खरेदीदार' या शब्दातल्या 'दी'ची वेलांटी कापायला परवानगी दिली. मावशी कोर्टात मागे उभी होती. तिने एकच विचारले, "सहीला तर हात लावनार न्हाईत ना?"

निकाल मॅडमनी मला फोनवर न सांगता सीलबंद पाठवला आणि नंतर समजावून सांगितला. चाचांच्या शाईत नुसते कार्बनचे गट होते, बारा-बारा वजनाच्या पायऱ्या, एकावर एक. वेलांटीतही त्या पायऱ्या होत्या. पण वर, पाचशे पंच्याहत्तर या वजनावर, एक उंच खूण होती आणि तिच्या पुढे दोन घरांवर तिची धाकटी जोडी. तांब्याचे अणू निसर्गात दोन वजनांचे असतात, म्हणून ही जोडी. तो तांबे असलेला निळा कारखानी रंग होता. काळे अधिक काळे दिसावे म्हणून पेनवाले त्यात तो चिमूटभर घालतात, आपण पांढऱ्या धोतराला नीळ घालतो तसा. सरांच्या पेनातही हीच जोडी, याच उंचीची. पेन बनवणाऱ्या कंपनीने लेखी कळवले की ही शाई त्यांनी भूकंपानंतर कित्येक वर्षांनी बनवायला घेतली.

मग मी एजंटाकडे वळलो. तोच तो जिवंत साक्षीदार. आता हदगावला बसस्टँडजवळ झेरॉक्सचे दुकान चालवत होता. झडतीत माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत सही केलेले कोरे बाँड, गठ्ठ्याने. मी ती नावे वाचू लागलो आणि माझ्या हवालदाराने टोपी काढली. तो त्याच पट्ट्यातला होता. बहुतेक सह्या करणारे भूकंपात गेलेले होते. मेलेल्या माणसांच्या सह्या, वर रिकामी जागा, आणि शहरात प्लॉटचे भाव चढलेले. ही पेटी कुणाकुणाची घरे खाणार होती कोण जाणे.

रिमांडमध्ये तो दोन दिवस दगडासारखा बसला. पेटी जुनी आहे, विसरलो होतो, सहीच्या वेळी मी हजर होतो, बस. मारहाणीचा मला तिटकारा. मार खाऊन माणूस तुम्हाला हवे ते बोलतो, खरे बोलतोच असे नाही. मला मॅडमचे शब्द आठवले, काहींना सोबती द्यावा लागतो. मी चाचांना गाडी पाठवली.

चाचा आले, त्याच्यासमोर बसले, चहा बशीत ओतला. एकेक घोट घेत संपवला.

"एका छत्रीखाली पंधरा वर्षं बसलो आपन," शेवटी म्हणाले. "तुझ्या लेकीच्या बस्त्याला मी आलतो. घेनारानं घेतलं, विकनारानं विकलं, त्ये तुमचं तुम्ही बघा. त्या कागदावर माझं नाव कामून घातलंस, तेवढं सांग."

एजंटाने मान खाली घातली. "तुमी ऱ्हायले नसाल असं वाटलं व्हतं, चाचा."

"ऱ्हायलो की. त्याचीच शरम वाटून ऱ्हायली का तुला?"

मग तो बोलला. बाँड त्याने पुरवला, मजकूर सरांनी स्वतः लिहिला, चाचांचा एक जुना दस्त समोर ठेवून. "मी म्हन्लो, चाचाची शाई दाट काळी, पान्यानं हालत न्हाई, बॉलपेन चालनार न्हाई. सरांनी खिशातला पेन काढला. वर पानी टाकून बघितलं. हाललं न्हाई. खूश झाले." आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने शाईची परीक्षा एवढीच घेतली, पाण्याचा एक थेंब.

मी सरांना अटक केली. वरून अर्धा डझन फोन आले, मी प्रत्येकाची स्टेशन डायरीत वेळेसह नोंद केली. नोंद होते म्हटल्यावर फोन थांबले आणि बदलीचा आदेश आला. किनवट तालुक्यात, इस्लापूरला. सोडायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले आणि मगच ट्रंक बांधली. इस्लापूरला मी सहस्रकुंडचा धबधबा पोटभर पाहिला, हे माझ्या हितचिंतकांना कळवायचे राहून गेले होते, आता कळवतो.

साक्षीला मॅडम आल्या. सरांच्या वकिलाने विचारले, "हा मजकूर याच पेनाने लिहिला, असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?"

"नाही. अशा शाईचे हजारो पेन असतील."

वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. "मग सांगू तरी काय शकता?"

"एवढंच, की काजळात तांबं नसतं."

सरांना शिक्षा झाली. अपिले झाली, वर्षे गेली, पण प्लॉट मावशीचाच राहिला. पेटीतले कोरे बाँड न्यायालयाच्या आदेशाने नष्ट केले गेले. मी त्या वेळी खास रजा काढून हजर राहिलो.

लोक विचारतात, या केसने काय शिकवले. लेझर वगैरे ठीक आहे, ते मॅडमचे कसब. मला शिकवले ते असे, की खाकीतला माणूस खोटे सुचवत होता आणि हळदीच्या बोटांची बाई खऱ्यावर अडून बसली होती. तिने माझे ऐकले असते तर केस सोपी झाली असती, शाई कुणी तपासली नसती आणि ती पेटी हदगावच्या माळ्यावर तशीच राहिली असती. तेव्हापासून कुणी मला 'सोपे करून टाका' म्हणाले की माझे डोके फिरते. आणि बँकेच्या साध्या फॉर्मवरसुद्धा रिकामी जागा दिसली की मी तिरकी रेघ मारतो. कारकून वैतागतात, वैतागू देत.

सगळे संपल्यावर मावशीने माझ्याकडे एकच मागणे केले. तो बाँड पाहिजे. दस्त कोर्टाच्या रेकॉर्डला राहतो, परत मिळत नाही, मी सांगितले. अर्ज करून तिला रंगीत प्रमाणित प्रत काढून दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, भाजी निवडायच्या पाटावर ठेवली आणि विचारले, "ह्यो आता माझा ना? कापला तर चालंल?"

"तुमचाच. काहीही करा."

लेकीने कात्री आणली. मावशीने वरचा सगळा मजकूर कापला आणि शेगडीवर धरला. उरली ती खालची बोटभर पट्टी, निळ्या सहीची, वाकड्या 'स'ची. पुढच्या खेपेला गेलो तर ती मेसच्या भिंतीवर काचेत बसवलेली होती. चौकट इतकी घट्ट, की कडा सहीला टेकल्या होत्या. एवढी आवळून का बसवली, मी विचारले.

"वर कोरी जागा ठेवली न्हाई, साहेब," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी ताट वाढायला आत गेली.